मेंदूतील लोहाचे एमआरआयद्वारे मापन

पार्किन्सन, अल्झायमर आणि तत्सम विकारांत मेंदूतील पेशी हळूहळू झिजत जातात व त्याचबरोबर मेंदूच्या ठरावीक भागांत लोह साठत जाते. कवटी न उघडता या साठ्याचा चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनाने, म्हणजे एमआरआयने, जो अंदाज घेतला जातो, त्याला मेंदूतील लोहाचे मापन म्हणतात. हा शब्द रूढ असला तरी तो थोडा सैल आहे. लोहामुळे चुंबकीय क्षेत्रात जो विक्षेप होतो तेवढाच यंत्राला कळतो, आणि लोहाचे प्रमाण त्यावरून गणिताने काढावे लागते. सांगलीत कृष्णेच्या पात्रात पाण्याखाली खडक असला की वर भोवरा उठतो, आणि जाणता नावाडी भोवऱ्यावरून खडकाची जागा ओळखतो. या पद्धतीचे सारे बळ आणि साऱ्या मर्यादा अशाच अनुमानात आहेत.

निरोगी मेंदूलाही लोह लागते. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण तयार करण्यास आणि डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन बनविणाऱ्या विकराच्या कार्यास ते आवश्यक असते. बरेचसे लोह फेरिटिन या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात साठवलेले असते व अशा एका गोळ्यात सुमारे ४,५०० अणू मावतात. हालग्रेन आणि सोरांडर या स्वीडिश संशोधकांनी १९५८ मध्ये शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंची रासायनिक तपासणी केली. प्रौढांच्या ग्लोबस पॅलिडस या भागात दर १०० ग्रॅम ताज्या ऊतीमागे सुमारे २१ मिलिग्रॅम, तर कपाळामागील शुभ्र द्रव्यात जेमतेम ४ मिलिग्रॅम लोह त्यांना आढळले. हे आकडे एमआरआयची पद्धत ताडून पाहण्यासाठी आजही वापरले जातात. वयानुसार लोह वाढणे स्वाभाविक असल्याने सत्तरीतल्या रुग्णाची तुलना त्याच वयाच्या निरोगी माणसाशीच करावी लागते. साठवणीबाहेर सुटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून अत्यंत क्रियाशील मुक्तकणू निर्माण करते. त्यांनी पेशीचे पटल व डीएनए यांची हानी होते.

एमआरआयमधील संकेत पाण्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांपासून मिळतो. फेरिटिनमधील लोह समचुंबकीय गुणाचे, म्हणजे बाहेरचे क्षेत्र किंचित वाढवणारे, असल्याने त्याच्या आसपासचे क्षेत्र असमान होते, केंद्रकांची एकलय लवकर मोडते आणि संकेत झपाट्याने विरतो. म्हणून तो भाग चित्रात काळा दिसतो. एकाच भागाचा संकेत वाढत्या कालांतराने अनेकदा नोंदवून तो किती वेगाने विरतो हे काढता येते. या वेगाला आर-टू-स्टार म्हणतात. एसडब्ल्यूआय (चुंबकीय ग्रहणशीलतेतील फरक ठळक करणारे) हे चित्र त्याहून जास्त प्रचलित आहे, पण ते डोळ्यांनी पाहण्यासाठी असते आणि त्यातून लोहाचा आकडा निघत नाही. त्यात जुना रक्तस्रावही काळा दिसतो आणि म्हातारपणी मेंदूत साचलेले कॅल्शियमही काळेच दिसते.

क्यूएसएम (चुंबकीय ग्रहणशीलतेचे संख्यात्मक मापन) ही पद्धत या अडचणीवरचा उपाय म्हणून पुढे आली. तीत संकेताच्या कलेवरून, म्हणजे लहरीच्या त्या क्षणीच्या स्थितीवरून, क्षेत्राचा नकाशा तयार होतो. कवटी व नाकाजवळच्या पोकळ्या यांचा प्रभाव त्यातून वजा केला जातो आणि मग प्रत्येक बिंदूची चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे बाहेरच्या क्षेत्रात तो किती चुंबकित होतो हे, काढली जाते. लोहाने ती वाढते. कॅल्शियम व मायलिन प्रतिचुंबकीय, म्हणजे क्षेत्राला किंचित विरोध करणारे, असल्याने त्यांनी ती घटते आणि त्यामुळे कॅल्शियम लगेच वेगळे ओळखू येते. मात्र हे उलटे गणित सहज सुटत नाही. क्षेत्राच्या दिशेशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन करणाऱ्या शंकूवरची माहिती मुळातच उमटत नाही आणि ती भरून काढताना नकाशात रेघोट्या उठतात. डोके वेगवेगळ्या कोनांत ठेवून पुन्हा पुन्हा चित्रे घेतली तर हा दोष जातो, पण मान आखडलेल्या वृद्धाकडून ती कसरत कोण करून घेणार?

शून्य कुठे धरायचे हाही प्रश्न उरतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी साऱ्या सांगलीला कळते, कारण तिथल्या मोजपट्टीचा शून्य पक्का आहे. क्यूएसएमचा आकडा मात्र सापेक्ष असतो. तो बहुधा मेंदूतील जलपोकळ्यांमधील द्रवाच्या तुलनेत, दर अब्जामागे किती भाग अशा एककात सांगतात. म्हणून दोन केंद्रांवरचे आकडे, तुलनेचा आधार व गणिताची रीत एकच असल्याखेरीज, शेजारी ठेवून वाचू नयेत.

निदानात सर्वाधिक उपयोग पार्किन्सनमध्ये होतो. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागात लोह वाढते. ३ टेस्ला (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रावरील एसडब्ल्यूआय चित्रात निरोगी माणसाच्या या भागाच्या मागच्या बाजूला, दोन काळ्या रेघांमध्ये एक उजळ पट्टी दिसते. भिंगरी पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा हा आकार पार्किन्सनमध्ये पुसला जातो. १.५ टेस्लाच्या चित्रात ही बारीक खूण भरवशाने दिसत नाही. पीएएनके-२ जनुकातील दोषाने मुलांना होणाऱ्या दुर्मीळ विकारात ग्लोबस पॅलिडसच्या काळ्या पार्श्वभूमीवर मधोमध उजळ ठिपका दिसतो, त्याला ‘वाघाचा डोळा’ म्हणतात. अल्झायमरमधील वाढ याहून फिकट व विखुरलेली असल्याने एकट्या रुग्णाच्या निदानात तिचा फारसा आधार मिळत नाही.

मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन रुग्णालय सुरू केले. तेव्हापासून सांगली-मिरज हा परिसर दक्षिण महाराष्ट्राचे व लगतच्या कर्नाटकाचे उपचारकेंद्र झाला आहे. जत-आटपाडीकडून हाताला कंप सुटलेल्या वडिलांना घेऊन मुलगा येतो, तेव्हा दाराशी करदोड्याची चांदी, कानातली बाळी व खिशातली किल्ली काढून ठेवली जाते आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा घट्ट बसवल्या जातात. लोहासाठीचे चित्रण पाच ते दहा मिनिटांचे असते व तेवढ्या वेळात हनुवटी थरथरली तरी नकाशा वाया जातो. नेहमीच्या अहवालात लोहाचा आकडा सहसा नसतो. ‘सममित काळेपणा’ किंवा ‘शेपटीची खूण दिसत नाही’ अशा शब्दांत निरीक्षण असते व निदान मुख्यतः न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीवरच ठरते.

अहवालात लोह हा शब्द वाचून घरचे लोक हमखास विचारतात, की रक्तवाढीच्या गोळ्या बंद करायच्या का आणि लोखंडी कढई बाजूला ठेवायची का. रक्त व मेंदू यांच्यामध्ये लोहाची ये-जा नियंत्रित करणारा अडथळा असतो, त्यामुळे रक्तातील लोहावरून मेंदूतील लोह ओळखता येत नाही. पंडुरोग असलेल्या बाईच्याही सबस्टॅन्शिया नायग्रात लोह वाढलेले असू शकते. तिच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवणे धोक्याचे आहे. हळदीचा बाजार सांगलीचा असल्याने हळदीविषयीही विचारणा होते. कुर्क्युमिन परीक्षानळीत लोहाला बांधते हे खरे, पण त्याने रुग्णाच्या मेंदूतील लोह उतरते असे सिद्ध झालेले नाही.

साठलेले लोह काढून घेतले तर रोग थांबेल का, याची मोठी परीक्षा युरोपात झाली व तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. लेव्होडोपा हे पार्किन्सनचे नेहमीचे औषध सुरू न झालेल्या ३७२ नव्या पार्किन्सन रुग्णांपैकी निम्म्यांना ३६ आठवडे डेफेरिप्रोन हे लोहबंधक औषध दिले गेले. एमआरआयवर सबस्टॅन्शिया नायग्रातील लोह घटलेले दिसले, पण औषध घेणाऱ्यांची लक्षणे इतरांपेक्षा अधिक बिघडली. डोपामिन बनविणाऱ्या विकरालाच लोह लागते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.