केशकर्तन व्यवसाय

केस कापणे, दाढी करणे आणि दाढी-मिशांना आकार देणे ही कामे मोबदला घेऊन करण्याचा व्यवसाय. हे काम करणाऱ्याला न्हावी, केशकर्तनकार किंवा हल्ली सर्रास बार्बर म्हणतात. लांब केसांची रचना, रंग, कुरळे केस सरळ करणे ही शेजारची कामेही अनेक जण करतात. पण आखूड केसांची कापणी आणि वस्तऱ्याची दाढी ही या व्यवसायाची खरी ओळख. बाहेरून सोपे वाटणारे हे काम हाताच्या सवयीइतकेच पारखीवर चालते, कारण कापलेला केस परत लावता येत नाही.

मध्ययुगीन युरोपात न्हावी दात उपटत, गळवे फोडत, रक्तही काढत. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या काळात, १५४० मध्ये, न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना झाली; ती १७४५ मध्ये फुटली. युद्धभूमीवरील शस्त्रक्रियेत क्रांती करणारे फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे हे न्हावी-शल्यवैद्यांच्या परंपरेतूनच पुढे आले. दुकानाबाहेरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब हा रक्त आणि पट्टी यांचे चिन्ह मानला जातो. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिलेटचा बदलत्या पात्याचा सेफ्टी रेझर घरोघरी पोहोचला आणि रोजच्या दाढीचे गिऱ्हाईक कमी झाले. तेव्हापासून धंद्याचा भार मुख्यतः कापणीवर आहे.

कात्री हातात घेण्याआधीच निम्मे काम झालेले असते. केस दाट की विरळ, कुठल्या दिशेने वाढतात, भोवरा एक की दोन, कवटीला कुठे खळगा किंवा जुनी खूण आहे, हे कंगवा फिरवताना पाहून घ्यावे लागते. भोवऱ्याजवळ केस फार आखूड केले की ते ताठ उभे राहतात. ओला केस ताणला जातो आणि वाळल्यावर आखडतो; कुरळ्या केसांत हा फरक इतका असतो की ओले असताना बेताचे वाटलेले केस वाळल्यावर भलतेच वर जातात. ‘थोडे बारीक करा’ यातले थोडे म्हणजे किती, हे बोटाने दाखवून आधीच विचारून घेणारा कारागीर पुढची कुरबुर टाळतो.

फेड या कापणीत कारागिराचा कस लागतो. मानेपाशी जवळजवळ शून्य असलेले केस वर चढत दाट होतात आणि मध्ये कुठे रेघ दिसता कामा नये. केस कापायच्या मशीनला लावायचा एक नंबरचा गार्ड (कंगव्यासारखी टोपी) साधारण ३ मिमी केस ठेवतो, दोन नंबरचा ६ मिमी. या दोन लांबींच्या मध्ये पट्टा उमटतो. तो घालवण्यासाठी कापणीची लांबी बदलणारी मशीनची कळ अर्धवट उघडायची, खालून वर नेताना मनगट हलकेच बाहेर वळवायचे आणि कवटीची गोलाई सुरू होते तिथे पाते उचलायचे. क्षणभर उशीर झाला तर रेघ आणखी वर सरकते आणि ती मिटवायला सगळी कापणीच वर न्यावी लागते. कात्रीकामात अंगठ्याकडचे पातेच हलते, दुसरे स्थिर राहते. ही सवय हाडीमाशी मुरायला महिने लागतात.

वस्तऱ्याच्या दाढीत पात्याइतकाच मोकळा हात महत्त्वाचा, कारण कातडी ताणून धरणे त्याचे काम. आधी ऊन टॉवेल आणि फेसाने केस मऊ करतात. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन करून केसांच्या दिशेने फिरवतात. उलटी दाढी गुळगुळीत होते खरी, पण राठ, कुरळ्या केसांच्या माणसाला त्याने आत वळलेल्या केसांच्या पुटकुळ्या येऊ शकतात.

स्वच्छतेबाबत तडजोड करणारा माणूस या धंद्यात नसावा, असे स्पष्ट म्हणावे लागते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो, त्यामुळे वस्तऱ्याचे पाते प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे हवे. एकच तुरटीचा खडा सगळ्यांच्या गालावर फिरवणेही धोक्याचे. मशीन आणि कंगव्यातून नायटा पसरतो. जंतुनाशकात बुडवण्याआधी अवजारावरचे केस आणि मळ काढावा लागतो, नाहीतर औषध पात्यापर्यंत पोहोचतच नाही.

हा धंदा शरीराकडून वसुली करतो. दिवसभर उभे राहिल्याने कंबर आणि पाय दुखतात, उचललेल्या हातांमुळे खांदे भरून येतात, पाणी आणि रसायनांनी हातांना इसब होतो. एक दुखणे तर जवळजवळ याच व्यवसायाचे आहे: कापलेले बारीक, टोकदार केस बोटांच्या बेचकीत घुसतात आणि तिथे पू धरणारी बारीक पोकळी तयार होते. कामाच्या मध्ये मध्ये बेचक्या धुऊन कोरड्या ठेवणे हा साधा उपाय आहे.

शिक्षण उस्तादाच्या हाताखाली किंवा शाळेत होते. ए. बी. मोलर यांनी शिकागोत १८९३ मध्ये अशी शाळा काढली आणि मिनेसोटाने १८९७ मध्ये परवान्याचा कायदा केला. अमेरिकेत आज परवाना लागतो. ब्रिटनमध्ये तो सक्तीचा नाही.

कमाईच्या तीन रीती आहेत: पगार, कामामागे टक्केवारी, किंवा दुकानातली खुर्ची भाड्याने घेऊन स्वतःचा धंदा. भाड्याच्या खुर्चीत मोकळीक मोठी, पण आजारी पडले तर उत्पन्न थांबते आणि भाडे चालूच राहते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणून फेड दोन-तीन आठवड्यांत बिघडतो आणि गिऱ्हाईक परत येते. नवशिक्याचे जम बसण्याचे गणित या परत येण्यावर असते. नव्या माणसाला ओढून आणण्यापेक्षा आलेल्याची पसंती लक्षात ठेवणे फायद्याचे.

वर्षानुवर्षे त्याच डोक्यावर हात फिरवणाऱ्याला टाळूवरची चाई, बदललेला तीळ किंवा मानेमागची गाठ त्या माणसाच्या आधी दिसते. निदान करणे त्याचे काम नाही; दाखवून डॉक्टरकडे जायला सांगणे मात्र त्याच्या हातात आहे. या विश्वासाचा उपयोग लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय पुरुषांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात करून पाहिला गेला. न्हाव्यांनी प्रोत्साहन दिले आणि औषधतज्ज्ञांनी दुकानातच येऊन उपचार केले, तेव्हा सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ मिमीने (रक्तदाब मोजण्याचे पाऱ्याचे एकक) उतरला. नुसता सल्ला देऊन डॉक्टरकडे पाठवलेल्या गटात तो सुमारे ९ मिमीने उतरला.