फुकट सुई दिली की व्यसन वाढतं?

नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांना एखादी संस्था नव्या सुया वाटते म्हटलं की लोक नाक मुरडतात: ‘हे तर व्यसनाला खतपाणी!’ समज जुना आहे, पण चुकीचा.

सुई नाही म्हणून कोणी नशा सोडत नाही; दुसऱ्याची वापरतो. सिरिंजमध्ये उरलेलं किंचित रक्तही हिपॅटायटिस सी पसरवायला पुरतं. १९८४ मध्ये ॲम्स्टरडॅमला हिपॅटायटिस बी रोखण्यासाठी सुया बदलून देण्याचं काम सुरू झालं, तेही नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये जगभरचे अभ्यास तपासले. एचआयव्हीचा प्रसार घटतो, हे दिसलं. नशा वाढल्याचा ठोस पुरावा सापडला नाही.

सुई हे खरं तर निमित्त. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या डब्यात पडते, नवी हातात येते, आणि तेवढ्यात कार्यकर्ता दंडावरची चिघळलेली जखम बघतो, रक्ततपासणीचं विचारतो. टोमण्यांच्या धास्तीने दवाखान्याची पायरी न चढणारा माणूस इथे मात्र येतो. सिएटलमधल्या एका अभ्यासात अशा केंद्रात नव्याने येऊ लागलेले लोक, कधीच न येणाऱ्यांपेक्षा सुमारे पाचपट प्रमाणात व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे वळलेले आढळले.