पालक-कोचिंग (बाल-व्यवसायोपचार)

वाढीत मागे पडलेल्या, किंवा मागे पडण्याची शक्यता असलेल्या, साधारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घरच्या माणसांना हाताशी धरून केला जाणारा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी). शीघ्र हस्तक्षेपाचा, म्हणजे अडचण वाढण्याआधी लहान वयातच दिलेल्या मदतीचा, हा एक भाग. पुण्यात 'कोचिंग' म्हटले की अकरावी-बारावीचा क्लास डोळ्यांपुढे येतो आणि पहिल्यांदा येणारे पालकही बरेचदा तीच अपेक्षा धरून येतात : फी भरली, मूल आत सोडले, पाऊण तासाने न्यायला आलो. इथे आई, बाबा किंवा आजी आतच बसतात आणि मुलाला हात लावण्याचे काम बहुतांशी त्यांचेच असते.

'व्यवसाय' या शब्दाने गोंधळ होतो. इथे त्याचा अर्थ नोकरीधंदा असा नाही. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळे त्यात येते. तान्ह्याचा व्यवसाय दूध पिण्याचा, झोपण्याचा, हाती येईल ते तोंडात घालण्याचा. दोन वर्षांच्या मुलाचा जेवण्याचा, चपला घालण्याचा, भातुकली मांडण्याचा. भारतात या शाखेचे शिक्षण मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1950 मध्ये सुरू झाले ते कमला निंबकर यांच्यामुळे. त्या जन्माने अमेरिकन. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

पुण्यात या कामाला जुना आधार आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात 1987 ते 1989 या काळात जन्मलेल्या, 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी ती मुले मोठी होईपर्यंत केला. अतिदक्षता विभागातून बाळ घरी गेले म्हणजे काम संपले नाही, हे त्यातून इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अंगवळणी पडले. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना 'सुधारित वय' धरतात : 32 आठवड्यांनी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी त्याच्याकडून अपेक्षा साधारण चार महिन्यांच्या बाळाची. शेजारच्या मुलाशी तुलना करून रात्रीची झोप घालवणाऱ्या कित्येक घरांना एवढ्या एका हिशेबाने धीर येतो. विकास मोजण्यासाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या मुलांवरून बसवलेली 'डासी' ही कसोटी वापरतात. तीत हालचालींच्या 67 आणि बौद्धिक विकासाच्या 163 बाबी आहेत. सरकारी पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरहून झाली. अंगणवाडीतल्या तपासणीत शंका आली, तर मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

कोचिंगमागे साधा हिशेब आहे. उपचारतज्ज्ञाची भेट आठवड्यातून एकदा, पाऊण तास. मूल त्याच आठवड्यात सत्तर-ऐंशी तास जागे असते. मेंदू झपाट्याने घडत असण्याचा हा काळ आणि त्यातला जवळजवळ सगळा घरात जातो. अमेरिकेत डेथन रश आणि मलिसा शेल्डन यांनी या पद्धतीची घटक-मांडणी केली : मिळून ठरवणे, पाहणे, करून बघणे, त्यावर विचार, मग प्रतिसाद. कागदावर हे कोरडे वाटते.

चौदा महिन्यांचे एक मूल समजा. फक्त मिक्सरमधून काढलेले खिमट खाते, शिताचा कण लागला की ओकारी. आजी वाटी घेऊन मागे, समोर मोबाइल. तज्ज्ञ आधी बघते, मग विचारते, 'दिवसातलं कुठलं जेवण त्यातल्या त्यात बरं जातं?' लक्षात येते की खुर्चीत मुलाचे पाय लोंबकळतात, तोल सावरण्यातच त्याची शक्ती जाते. पायांखाली पाट येतो. खिमट मिक्सरऐवजी चमच्याने घोटायचे, वाटीत मुलाला हात बुडवू द्यायचा, मोबाइल बंद. आई भरवते आणि तज्ज्ञ गप्प बसते. या गप्प बसण्यालाच सर्वांत जास्त सराव लागतो. घास नाकारला, की 'आत्ता त्यानं तोंड का फिरवलं असेल?' एवढाच प्रश्न. 'घास मोठा झाला' हे उत्तर आईच्या तोंडून आले, तर बुधवारी रात्री तज्ज्ञ नसतानाही ती तेच ओळखते.

घरच्या समजुतींशीही गाठ पडते. 'याचा बाप पण उशिराच चालला' हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येते. ते कधी खरे असते, पण वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर त्यावर विसंबू नये. आत बसवायच्या चाकांच्या वॉकरला तज्ज्ञ नकार देतात (कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली). आपला लाकडी पांगुळगाडा मात्र मूल स्वतः उभे राहून ढकलते, त्यामुळे तो वेगळा. मालिश करणाऱ्या बाईंचे म्हणणेही विचारावे. पाय ताठ आहेत हे त्यांच्या हाताला कधीकधी आधी कळते.

पुराव्याबद्दल अतिशयोक्ती नको. स्वमग्न मुलांच्या पालकांना सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांकरवी मार्गदर्शन देण्याचा प्रयोग गोवा आणि रावळपिंडीत झाला. 2016 मधल्या त्याच्या निष्कर्षांत पालकांचा मुलाशी जुळणारा सूर आणि मुलाने आपणहून केलेला संवाद वाढलेला दिसला, पण सगळ्याच मोजमापांत सुधारणा नव्हती. तज्ज्ञांची गरजही त्याने संपत नाही. शिवाय 'घरी करा' म्हणत सगळा भार आईवर टाकणे सोपे असते. रोज वीस व्यायामांची यादी देणे हे कोचिंग नव्हे, तो गृहपाठ. पद्धत नीट चालली तर अंघोळ, कपडे, मटार सोलणे यांतच सराव मुरतो.

हिंजवडी-खराडी या पुण्यातल्या आयटी भागांकडच्या घरांत आणखी एक पेच असतो. मूल दिवसाचे नऊ तास पाळणाघरात. त्यामुळे काही तज्ज्ञ तिथल्या ताईंनाही एखाद्या भेटीला बोलावतात आणि पायांखाली ठेवायचा दुसरा पाट पाळणाघरात पाठवायला सांगतात.