पडद्यावरील हिंसा आणि प्रेक्षकाची मनःस्थिती

चित्रपटातील मारहाण, रक्तपात, छळ किंवा खून पाहताना आणि पाहून झाल्यावर प्रेक्षकाच्या मनात जो बदल होतो, त्याचा अभ्यास मानसशास्त्र, रसविचार आणि कायदा अशा तिन्ही बाजूंनी झाला आहे. मराठी बोलण्यात या बदलाच्या तीन तऱ्हा आधीपासूनच वेगळ्या केलेल्या आहेत. सिनेमा अंगात भिनतो, अंगावर येतो किंवा अंगवळणी पडतो. पहिल्या दोहोंवर वाद फार होतात. तिसरी तऱ्हा सर्वांत चिंतेची आहे आणि तीच कोणाच्या लक्षात येत नाही.

अंगात भिनणे म्हणजे मुख्यतः शरीराची उत्तेजना. छातीची धडधड आणि स्नायूंचा ताण दृश्य संपताच ओसरत नाही. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात दाखवले, की ही उरलेली उत्तेजना पुढच्या क्षुल्लक कारणाला चिकटते आणि साधा वैताग संतापासारखा वाटू लागतो. नाशिकमध्ये शेवटचा खेळ सुटल्यावर पार्किंगमध्ये हे ओळखू येते. हॉर्न उगाच वाजतात, बुलेटची रेस वाढते, आरशाला आरसा घासला एवढ्यावरून ‘दिसत नाही का रे’पर्यंत आवाज चढतो. गंगापूर रोडच्या गार वाऱ्यात घर येईस्तोवर बहुतेकांचा पारा उतरलेलाही असतो. जिल्ह्यातल्या मालेगावात, जिथे यंत्रमागांच्या शुक्रवारच्या सुट्टीला सिनेमाची घट्ट जोड आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये एका मारधाडपटाच्या खेळाला प्रेक्षकांनी सभागृहातच फटाके फोडले. त्या गर्दीच्या मनात राग नव्हता, नायकावरचे प्रेम उतू जात होते. तरीही चेंगराचेंगरी व्हायला तेवढे पुरले असते.

यावरून सिनेमामुळे गुन्हे वाढतात असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. गॉर्डन डाल आणि स्टेफानो देल्लाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये अमेरिकेतील १९९५ ते २००४ या काळाची आकडेवारी तपासली. हिंसक चित्रपटांना गर्दी असलेल्या दिवशी हिंसक गुन्हे उलट किंचित घटलेले आढळले. कारण साधे होते: मारामारी करू शकणारे तरुण त्या वेळी दारूच्या अड्ड्यावर नसून खुर्चीत बसलेले होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१च्या बाहुलीच्या प्रयोगात मोठ्यांचे पाहून मुलांनी हवेच्या बाहुलीला बडवले आणि १९६३ मध्ये पडद्यावर पाहूनही तेच घडले, हे खरे. पण बाहुलीला मारणे आणि माणसाला मारणे एक नव्हे. ‘मारामारी पाहिली की डोके मोकळे होते’ या लोकप्रिय समजुतीलाही प्रयोगांत फारसा आधार मिळालेला नाही.

अंगवळणी पडणे कसे असते, हे ब्रॅड बुशमन आणि क्रेग अँडरसन यांच्या २००९च्या प्रयोगात दिसते. चित्रपटगृहाबाहेर पायाला पट्टी बांधलेल्या तरुणीच्या हातातून कुबड्या पडत. हिंसक चित्रपट पाहून बाहेर पडलेल्यांनी मदतीला यायला इतरांपेक्षा सुमारे २६ टक्के अधिक वेळ लावला. तोच चित्रपट पाहायला आत निघालेल्यांत मात्र असा उशीर नव्हता. म्हणजे माणसे मुळात निबर नव्हती, दोन-अडीच तासांत तेवढ्यापुरती झाली होती. त्यांना राग आलेला नव्हता, समोरच्याचे दुखणे थोडे उशिरा पोहोचत होते. ज्या चित्रपटात मार खाणाऱ्याला वेदनाच नसते, शंभर माणसे उडून पडतात आणि एकाचीही आई रडत नाही, तिथे हे बधिरपण रुजते. रक्त किती दाखवले यापेक्षा वेदना दाखवली की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

जुन्या परंपरांना याचे भान होते. नाट्यशास्त्राने युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडदृश्यातून, सुचवायला सांगितल्या आणि रौद्र रसाच्या मुळाशी क्रोध, बीभत्स रसाच्या मुळाशी जुगुप्सा (किळस) मानली. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांच्या उत्सवाला, संबळाच्या ठेक्यावर सोंगे नाचतात आणि देवी महिषासुराला मारते. शेवट सगळ्या गावाला ठाऊक असतो. सोंग उतरते, मुखवट्याला हात जोडले जातात आणि चढलेले मन उतरायला वेळ मिळतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये पडद्यावर लंका जाळली, तेव्हा राम दिसताच प्रेक्षक पायांतले जोडे काढत, असे सांगतात. आजच्या मारधाडपटात अखेरचा घाव बसतो न बसतो तोच दिवे लागतात आणि मन उतरायला जागाच उरत नाही.

प्रेक्षकाचे माथे भडकेल ही धास्ती सत्तेलाही जुनीच. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७च्या नाटकावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. स्वतंत्र भारतात चित्रपटांचे परिनिरीक्षण, म्हणजे प्रदर्शनाआधीची सरकारी तपासणी, १९५२च्या कायद्याने चालू लागले, १९८३ मध्ये ‘यूए’ (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा) हा वर्ग सुरू झाला आणि २०२३च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+, १६+ असे भाग पडले.

अंगावर येण्याचा, म्हणजे भीतीचा, खरा भार मुलांवर पडतो. लहान मूल भीती विचाराने नव्हे, डोळ्यांनी आणि कानांनी घेते. म्हणून ‘अरे, खोटं असतं ते’ हे समजावणे त्याच्या कामी येत नाही, कुशीत घेणे येते. रात्रीच्या खेळाला आईच्या मांडीवरचे चार-पाच वर्षांचे मूल नीट पाहावे. स्पीकरच्या दणक्याला ते कान झाकते आणि पडद्याकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघते. तिथे हसू असेल, तर हात हळूहळू खाली येतात. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठीच्या) वर्गाच्या चित्रपटाला अशा मुलाला डोअरकीपरने दारातच अडवायला हवे, कायदा तसा आहे. ‘यूए १६+’ची खूण मात्र फक्त पालकांसाठी असते. त्या खेळाला त्याला आत नेण्यापासून आईबापांखेरीज कोणी थांबवू शकत नाही.