तांडेलकाकांचं मार्क बटण आणि २६/११ चा माग

ससून डॉकला ओळखीचे एक तांडेलकाका आहेत (तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान), त्यांनी परवा मला बोटीवरचा जीपीएस दाखवला. स्क्रीनवर नुसते ठिपके. मासळी चांगली लागली की काका एक बटण दाबतात, "मार्क केला" म्हणतात, आणि ती जागा नंबरसकट सेटमध्ये राहते, पुढच्या फेरीला बोट बरोबर तिथेच. मी बघत होतो आणि डोक्यात सारखी कुबेर येत होती.

कुबेर म्हणजे पोरबंदरची ती मच्छीमार बोट, २००८ मध्ये दहा अतिरेक्यांनी समुद्रात पळवली आणि तिच्या तांडेलाला मारून टाकलं. मुंबईजवळ आल्यावर ते रबरी बोटीत उतरले, कफ परेडच्या मच्छीमार नगरात आले आणि १६६ माणसं गेली. कुबेरवर मागे राहिलेल्या सामानात एक सॅटेलाइट फोन आणि एक जीपीएस सेट होता.

आता गंमत बघा, जीपीएस सेट कोणाला काही पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. वर साधारण २०,००० किलोमीटरवर उपग्रह फिरतायत, प्रत्येकात अणुघड्याळ, आणि प्रत्येकजण सतत सांगत असतो की मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. सिग्नल पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, आणि असे किमान ४ उपग्रह मिळाले की जागा कळते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने हुकतं! म्हणजे आपल्याला जागा दिसते ती सगळी घड्याळाची करामत, आणि सेट कुठून कुठे गेला हे कोणत्याही कंपनीकडे नसतं, ते त्या सेटच्या मेमरीतच असतं. तिथून डिलीट केलं तरी बऱ्याचदा फक्त "ही जागा रिकामी आहे" अशी खूण होते, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना डेटा तसाच पडून असतो, तज्ज्ञ तो वाचू शकतात.

अतिरेक्यांचे जीपीएस तपासले ते एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने. हल्ल्यात ६ अमेरिकन गेले होते त्यामुळे त्यांचाही तपास चालू होता, आणि अशा कामाच्या लॅब त्यांच्याकडे होत्याच. कराचीकडून मुंबईपर्यंतचा रस्ता त्यातून निघाला आणि त्यांच्या तज्ज्ञांनी आपल्या कोर्टात साक्ष दिली. रबरी बोटीचं यामाहा इंजिन जपानमधून पाकिस्तानात गेलं होतं हेही असंच जुळवलं गेलं.

फोनचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं. ताज, ओबेरॉय, नरिमन हाउसमधून अतिरेकी ज्यांच्याशी बोलत होते ते पाकिस्तानात, पण नंबर दिसत होता अमेरिकेचा, कारण कॉल इंटरनेटवरून फिरवलेले होते. अशा कॉलमध्ये आवाजाचे छोटे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता लागतो आणि ते वेगवेगळ्या सर्व्हरमधून जातात, आणि समोरच्याला दिसणारा नंबर म्हणजे निव्वळ सेट करून ठेवलेले आकडे. खरी नोंद राहते ती कॉल फिरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, आणि ही कंपनी होती अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, खात्याचे काही पैसे भरलेले इटलीतल्या ब्रेशा शहरातून. मुंबईत बसून कोणीही कितीही हुशार असला तरी ही नोंद त्याला एकट्याला मिळाली नसती.

आणि मिळाली तरी जुळवायची कशी? मुंबईत २७ तारखेच्या पहाटे ३ वाजता झालेला कॉल न्यू जर्सीच्या घड्याळात २६ तारखेच्या दुपारी साडेचारचा असतो. तारीखच वेगळी! म्हणून सगळ्या नोंदी आधी एका जागतिक वेळेवर आणतात, आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण वकील पहिलं बोट इथेच ठेवतो.

दुसरं बोट ठेवतो ते फाइल बदलली का यावर. त्यासाठी हॅश असतो, म्हणजे फाइलवर गणित करून काढलेला एक लांबलचक आकडा, फाइलमधलं एक अक्षर जरी हललं तरी तो पूर्ण बदलतो. तिकडे काढलेला आणि इकडे काढलेला हॅश एकच आला की प्रवासात कोणी हात लावला नाही हे दिसतं. २०२३ च्या आपल्या नवीन साक्ष कायद्यातल्या सर्टिफिकेटमध्ये आता हॅश लिहावाच लागतो, हे फार बरं झालं.

विज्ञान तयार आहे, अडतं ते कागदांवर. भारत-अमेरिकेत कायदेशीर मदतीचा करार २००५ पासून लागू आहे, पण तपास अधिकाऱ्याची विनंती गृह मंत्रालयाकडे, तिथून अमेरिकेच्या न्याय खात्याकडे, मग कंपनीकडे, आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने. कंपन्या अशा नोंदी कायम ठेवत नाहीत, ठराविक मुदतीनंतर पुसून टाकतात, त्यामुळे विनंती उशिरा पोचली तर वाचायला काही उरतच नाही. ब्रिटनने अमेरिकेशी थेट कंपनीकडून डेटा मागायचा करार केलाय आणि तो २०२२ पासून सुरूसुद्धा झालाय. आपला अजून नाही, आणि मुंबईकर म्हणून मला हे खरंच टोचतं.

तांडेलकाकांना कुबेरच्या सेटबद्दल सांगितलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिचा तांडेल पण आपल्यासारखाच मार्क करत असेल रे, मासळीसाठी."