वारसास्थळांतील खजिनाशोध

जुन्या गावात, किल्ल्याच्या परिसरात किंवा वस्तुसंग्रहालयात गटागटाने हिंडून, हातातल्या चिठ्ठीवरच्या खुणांवरून ठरावीक वेळात उत्तरे शोधण्याचा खेळ. नोकरदारांच्या बोलीत ‘ट्रेझर हंट’. एका मजल्यावर बसूनही वर्षानुवर्षे फक्त मेलवर बोलणाऱ्यांनी दोन तास एकत्र चालावे, या हेतूने कंपन्या तो भरवतात, तेव्हा त्याची गणना ‘टीम-बिल्डिंग’मध्ये होते. वागळे इस्टेट, ऐरोली, महापे, बेलापूर इथली कार्यालये ठाण्याच्या जुन्या गावठाणापासून फार लांब नाहीत, आणि हे गावठाण पायी फिरण्याजोगे आटोपशीर आहे. त्यामुळे ठाणे-नवी मुंबई पट्ट्याला हा खेळ सोयीचा पडतो. सोसायटीच्या गणेशोत्सवात जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागे, कुंडीत चिठ्ठ्या लपवून खेळलेला खजिनाशोध इथल्या बहुतेकांना लहानपणापासून ठाऊक असतो. हा त्याचाच थोरला, पायपिटीचा भाऊ.

नावात दोन खेळांची सरमिसळ झालेली आहे. ‘ट्रेझर हंट’मध्ये एक चिठ्ठी सुटली की पुढची मिळते. ‘स्कॅव्हेंजर हंट’मध्ये सगळी यादी सुरुवातीलाच हातात येते आणि ती कोणत्या क्रमाने उरकायची हे गटाने ठरवायचे असते. हा दुसरा प्रकार 1930च्या आसपास न्यूयॉर्कच्या धनिकांच्या मेजवान्यांमध्ये एल्सा मॅक्सवेल या हौशी यजमानबाईंनी गाजवला. त्याआधीची एक शाखा इंग्लंडच्या डार्टमूर माळावरची : 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली आणि तिथवर पोचणारे आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकू लागले. अलीकडची शाखा उपग्रहांची. अमेरिकेने 2 मे 2000 रोजी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एकाने रानात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून ‘जिओकॅशिंग’ उभे राहिले. वस्तुसंग्रहालयांच्या दालनांत असे खेळ धंदा म्हणून भरवणाऱ्या कंपन्या न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागल्या.

ठाण्यात मात्र या खेळाच्या कितीतरी आधी एक खरीखुरी खूण पोचवली गेली आणि ती सुटलीही. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले, आणि 1774च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी इथे कैदेत ठेवले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते, म्हणजे फितुरीची भीती नाही असा इंग्रजांचा हिशेब. पण गोऱ्यांना मराठी येत नव्हते. किल्ल्यात चाकरीला लागलेला एक मोतद्दार त्रिंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणत असे. झुडपाआड धनुर्धारी आहेत, झाडाखाली घोडा उभा आहे, घोडे पंचावन्न आहेत आणि स्वार चोपन्न, असा त्याचा मतलब. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते रोज पडत होते. पंचावन्नावा स्वार कोण, हे कळणारा माणूस खिडकीच्या आत होता. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी पसार झाला.

ही हकीकत बिशप रेजिनाल्ड हेबर याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली. 1825 मध्ये तो ठाण्यात आला होता, इथल्या सेंट जेम्स चर्चच्या अभिषेकासाठी. त्याच्या आदल्या वर्षी, पुन्हा पकडल्या गेलेल्या त्रिंबकजीला त्याने चुनारच्या किल्ल्यात पाहिलेही होते. गाण्याचे शब्द आपल्यापर्यंत त्याच्या इंग्रजीतूनच पोचले आहेत, त्यामुळे मोतद्दाराने नेमके काय म्हटले असेल ते सांगता येत नाही. पण रचनेचे कसब इंग्रजीतही लपत नाही. आकडा उघडा, उत्तर त्या आकड्यातल्या उणिवेत, आणि ते कळायला ऐकणारा योग्य जागी असावा लागतो. ठाण्यात खजिनाशोध रचणाऱ्याला याहून चांगला वस्ताद मिळणार नाही.

प्रश्नांची घडण. खेळाचे यश चालण्यापेक्षा प्रश्नांवर ठरते. कोपिनेश्वराचे आजचे देऊळ कोणी बांधले, हा वाईट प्रश्न. खिशातला फोन दहा सेकंदांत सांगतो : सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर, 1760. गट कट्ट्यावर बसल्या बसल्या गुण मिळवतो आणि देवळाकडे मान वर करून पाहतही नाही. त्याऐवजी देवळाच्या आवारात शंकराखेरीज आणखी कोणकोण देव आहेत, त्यांतला सहसा देऊळ न लाभणारा कोणता, असे विचारले तर आत जावे लागते, चपला काढाव्या लागतात, ब्रह्मदेवापाशी थबकावे लागते. मग गटातला कोणीतरी ब्रह्मदेवाला पूजा का नाही याची आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगतो, दुसरा ती खोडून काढतो. एचआरवाले ज्याला ‘बॉन्डिंग’ म्हणतात ते बहुधा इथेच कुठेतरी होते.

खूण उखाण्यासारखी रचण्याचा प्रघात मराठी गटांत चांगला रुळतो. नमुन्यादाखल ठाणे स्थानकाची एक :

तीन घोडे लोखंडाचे, चौदा डबे ओढत आले;
तोफा उडाल्या बोरीबंदरी, वऱ्हाड कुठे उतरले?

16 एप्रिल 1853 रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे आणि सुमारे 400 पाहुणे बोरीबंदरहून 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला आणले. निघताना 21 तोफांची सलामी झाली. ठाणेकराला हे पाठ असते, म्हणून खूण सोपी वाटते. खरी परीक्षा पाटीवरचा मजकूर विचारणाऱ्या पुढच्या ओळीला, कारण रोज याच स्थानकातून पळणाऱ्याने तिथल्या भिंतीवरची पाटी क्वचितच वाचलेली असते.

अवघड खुणांसाठी ठाण्यात सामग्री भरपूर आहे. 1787 मध्ये किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी याचे हे दानपत्र शके 939चे, म्हणजे इसवी सन 1017चे, आणि त्यात या गावाचे जुने नाव येते : श्रीस्थानक. शके आणि इसवी सनातला 78 वर्षांचा फरक हे तयार कोडेच आहे, फक्त ते तोंडी सोडवायला लावावे. याच शिलाहारांच्या राज्यात दानाच्या आड येणाऱ्याला गाढवाची शिवी देणारे ‘गधेगाळ’ नावाचे दगड रोवत असत. ठाणे-रायगड भागात ते अजून सापडतात. त्यांवरचे चित्र कार्यालयीन शिष्टाचारात बसणारे नाही, त्यामुळे प्रश्नपत्रिकेतून ते सहसा वगळतात. हा जरा अति सोवळेपणा आहे. मालमत्तेच्या कराराला इतके स्पष्ट दंडकलम आज कोणी घालत नाही.

वाट. रूढ वाट स्थानकापासून जांभळी नाका, कोपिनेश्वर आणि मासुंदा तलाव, मग टेंभी नाका, कोर्ट नाका आणि शेवटी आता तुरुंग असलेल्या किल्ल्याची तटबंदी अशी. तलावाला ठाणेकर तलावपाळीच म्हणतात. खुणेत ‘मासुंदा’ लिहिले की ऐरोलीहून आलेला गट रिक्षावाल्याला विचारत बसतो. तलावाकाठी सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, पोर्तुगीज काळातली वसाहत सांगणारे. टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, समाजाचे ‘शार हशामाईम’ सिनेगॉग आहे, 1879चे. अर्थ ‘स्वर्गाचे दार’. कोपिनेश्वराच्या देवळाची वाढही लोकवर्गणीतून 1879 मध्येच झाली. एकाच साली दोन समाज आपापल्या देवाचे घर बांधत होते, ही जोडी शोधायला लावणारा प्रश्न या वाटेवरचा सर्वांत सुरेख ठरू शकतो, कारण त्याचे उत्तर कोणत्याही एका जागी मिळत नाही. वाचनाची आवड असलेला गट असेल तर वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने 1 जून 1893 रोजी स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालयही यादीत घालतात.

वाट आखताना खरा घोळ वाराचा. कंपन्यांना शनिवार हवा असतो, आणि सिनेगॉगमध्ये शनिवार हा शब्बाथ. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलींना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत ते याच सुट्टीमुळे. तेव्हा त्या दिवशी आत जायचा प्रश्न घालू नये. रस्त्यावरून दिसेल तेवढेच विचारावे, किंवा ‘शनिवार तेली’ हीच खूण करावी. रविवारी चर्चमध्ये मिस्सा असते. सोमवारी कोपिनेश्वराला रांग. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते आणि पाडव्याला स्वागतयात्रा. हे अडथळे टाळता टाळता संयोजकाला समजते की इथला वारसा तिकीट काढून पाहायचा नाही, तो वापरात आहे आणि वापरणाऱ्यांची वेळ आपल्याआधीची आहे.

किल्ल्याचे तर आणखीच निराळे. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि आज ते ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही, फाटकापाशी घुटमळणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या टोळक्याची चौकशी होते. म्हणून प्रश्न तटबंदी लांबून पाहून सुटेल असाच हवा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी इथेच फाशी दिले गेले. काही प्रश्नपत्रिकांत त्यावरही दहा गुण ठेवलेले दिसतात. ते टाळावे. त्या जागी सगळ्या गटांना एकत्र आणून दोन मिनिटे ती हकीकत सांगावी आणि घड्याळ तेवढा वेळ थांबवावे.

खेळण्याची रीत. एका गटात चार ते सहा जण. सात झाले की दोघे मागे रेंगाळून ऑफिसचेच बोलू लागतात. गट चिठ्ठ्या काढून पाडतात, नाहीतर एका विभागाची माणसे एकमेकांना चिकटतात. साहेबाला स्वतंत्र गटाचा म्होरक्या करू नये, दुसऱ्याच्या गटात शिपाईगडी म्हणून टाकावे. वेळ दीड ते दोन तास, प्रश्न दहा-पंधरा. फोन गटात एकच, तोही फक्त फोटोसाठी, बाकीचे पिशवीत. हा नियम मोडला जातोच, पण मोडताना चोरून मोडावा लागतो एवढाही फरक पुरतो.

एका चिठ्ठीतून पुढची मिळण्याचा साखळीचा प्रकार ठाण्यात नीट चालत नाही. एक गट एका खुणेवर अडला की तिथेच अडकून पडतो, आणि सगळे गट एकाच वेळी जांभळी नाक्यावर उतरले तर भाजीवाल्या मावशींचा धंदा अडतो. (त्या मग स्वतःच उत्तर सांगून मोकळ्या होतात, ‘ए, ते तिकडं आहे, व्हा पुढं!’) म्हणून सगळी यादी एकदम द्यावी आणि प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या टोकापासून करावी. वेगाला थोडेच गुण ठेवावेत. वाहनांच्या गर्दीत धावणारे चाळीस जण हा खेळाचा भाग असू शकत नाही. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात घामाने आणि पावसात चिखलाने उत्तरपत्रिका वाचण्याच्या पलीकडे जाते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन याने 1965 मध्ये गटाच्या वाटचालीचे टप्पे मांडले : जमणे, भांडणे, घडी बसणे, कामाला लागणे. प्रशिक्षक हे फळ्यावर लिहून दाखवतात. टेंभी नाक्यावर, डावीकडे की उजवीकडे यावरून, पहिले तीन टप्पे सात-आठ मिनिटांत उरकताना पाहायला मिळतात. दोन तासांच्या फिरण्याने कार्यालयातली जुनी दुही मिटते असे मात्र कोणी समजू नये.

वस्तुसंग्रहालयात. चार भिंतींच्या आतला खेळ हवा असेल तर ठाणेकर लोकल धरून मुंबई गाठतात : भायखळ्याचे 1872चे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, किंवा 1922 मध्ये लोकांना खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथे धावणे, हात लावणे, आरडाओरडा, फ्लॅश सगळे वर्ज्य आणि मोठ्या गटासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे खेळ आपोआप मंद आणि बारकाव्याचा होतो. ‘पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले ते ज्या हत्तीवरून, तो हत्ती कुठे?’ हा भायखळ्याचा हुकमी प्रश्न. गट दालनांत शोधत राहतो आणि तो दगडी हत्ती बाहेर बागेत उभा असतो. 1864 मध्ये हलवताना तो कोसळून फुटला, 1912च्या सुमारास तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. सांधे मोजायला सांगितले की निम्मे गट वेगवेगळी संख्या आणतात, आणि पंचाला स्वतः जाऊन मोजावे लागते.

नवी मुंबईत हा खेळ विरळ. सिडकोची स्थापना 1970ची, सेक्टरांना आकडे आहेत पण आठवणी थोड्या. अपवाद बेलापूरच्या किल्ल्याचा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्ता पाहिलेला हा किल्ला आता अवशेषरूपात उरला आहे आणि त्याच्या वाटेवर रोज ये-जा करणाऱ्यांतही तो न पाहिलेले बरेच निघतात. जवळचा दिवाळे कोळीवाडा जोडून घेतला तर दीड तासाचा खेळ होतो.

ठाण्यात उत्तरपत्रिका तपासण्याचे काम बहुधा तहसील कार्यालयाजवळच्या मामलेदार मिसळीच्या टेबलांवर होते. वाद तिथेच मिटवतात. तिखट मागवणाऱ्या गटाला जादा गुण द्यावेत अशी सूचना दर वेळी कोणीतरी करतो.