ख्रिस्ती उपदेश : रचना आणि सादरीकरण

ख्रिस्ती उपासनेत पवित्र शास्त्राचा एक भाग वाचून त्याचा अर्थ उलगडणे आणि तो समोर बसलेल्या मंडळीच्या जगण्याला लावून दाखवणे, याला उपदेश म्हणतात. कॅथलिक लोक त्याला प्रवचन म्हणतात, अलीकडच्या मंडळ्यांत ‘संदेश’ हा शब्द चालतो. भाषण करणारा आधी विषय ठरवतो आणि मग त्याला आधार शोधतो. उपदेशकाला मात्र शास्त्रभागापासून सुरुवात करावी लागते. काय बोलायचे ते तो भाग ठरवतो. फसलेले उपदेश तपासले तर बहुतेकांत हाच क्रम उलटा झालेला आढळतो.

या कामाचे जुने चित्र जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. मुद्दाम बांधलेल्या लाकडी मंचावर उभा राहून एज्रा हा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवेचे लोक, जमलेल्यांना अर्थ समजावून सांगतात. नव्या करारातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा भाग वाचतो, ग्रंथ गुंडाळून परत देतो आणि बसून बोलतो. उपदेशकलेवरचे पहिले मोठे विवेचन बिशप ऑगस्टीनचे. सुमारे ४२६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्याने रोमन वक्ता सिसेरोच्या आधारे वक्त्याची तीन कामे सांगितली : शिकवणे, रिझवणे आणि कृतीला प्रवृत्त करणे. १५१९ साली झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीने मत्तयाचे शुभवर्तमान सलग, ओळीने शिकवायला घेतले. एकेक पुस्तक क्रमाने घेण्याची प्रॉटेस्टंट रीत तिथून बळावली. कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (बिशपांच्या जागतिक सभेने) १९६३ साली प्रवचन हे उपासनेचेच अंग ठरवले; रविवारी ते गंभीर कारणाशिवाय गाळता येत नाही.

इंदुरातली पार्श्वभूमी

पुढचे बोलणे इंदुरातल्या मंडळ्या समोर ठेवून आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन (वडीलजनांच्या मंडळाने चालणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मिशनने १८७७ मध्ये माळव्यात काम सुरू केले. इंदूर ख्रिश्चन कॉलेज (१८८७) त्याच मिशनचे. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे संयुक्त चर्च स्थापन झाले, तेव्हा प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) वळणे एकत्र आली. पहिल्यात उपदेश उपासनेच्या मध्यभागी असतो आणि उपदेशक भाग स्वतः निवडू शकतो. दुसऱ्यात वर्षभराचा वाचनक्रम ठरलेला असतो. ठरलेला क्रम नवख्याला जाचक वाटतो, पण आवडीच्या चार-पाच विषयांभोवती घिरट्या घालण्यापासून तोच वाचवतो.

होळकरांच्या या शहरात मराठी माणसाचा कान कीर्तनावर घडलेला आहे : पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती प्रसारासाठी कीर्तन वापरले ते हा कान ओळखूनच. उपदेशकाने हा साचा जसाच्या तसा उचलला तर मात्र एक अडचण येते. कीर्तनात आख्यान हे अभंगाचा दाखला असते. शुभवर्तमानात पुष्कळदा गोष्ट हाच मूळ पाठ असतो. तिच्यापुढे आणखी एक आख्यान लावले की ऐकणारा दुसरेच लक्षात ठेवून घरी जातो.

तयारी

आठवड्याचे काम सोमवारी सुरू व्हावे. शनिवारी रात्री बसणाऱ्याच्या हाती दुसऱ्याचे विचार लागतात. भाग साधारण आठ ते पंधरा ओव्यांचा (शास्त्रातल्या क्रमांकित वचनांचा) घ्यावा. त्याहून मोठा घेतला तर वाचनातच वेळ जातो. पहिले दोन दिवस टीकाग्रंथ (शास्त्रावरची भाष्ये) न उघडता तो भाग मोठ्याने, पुन्हा पुन्हा वाचावा आणि जे खटकते ते टिपून ठेवावे.

लूक १९:१–१० (एकोणिसाव्या अध्यायातल्या पहिल्या दहा ओव्या) हा जक्कयाचा भाग घेऊ : येशूला पाहायला उंबरावर चढलेला ठेंगणा जकातदार. यावरचा नेहमीचा उपदेश ठेंगणेपणा आणि उंबराचे झाड यांवर अडतो : तुम्हीही अडचणींवर मात करून वर चढा. भाग हे सांगत नाही. आधीच्या अध्यायात एक श्रीमंत अधिकारी ‘असेल नसेल ते विक’ हे ऐकून खिन्न होतो आणि यरीहोच्या वेशीवर एका आंधळ्याला दृष्टी मिळते. लगेच पुढे हा श्रीमंत जकातदार येतो, म्हणजे लूकने ही माणसे शेजारी-शेजारी उभी केली आहेत. पाचव्या ओवीत येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरतो, सातव्यात लोक कुरकुरतात आणि त्यानंतरच, आठव्यात, जक्कय पैशाविषयी बोलतो. त्याने सांगितलेली रक्कमही पाहण्यासारखी आहे. आपण होऊन कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. चौपट भरपाई त्याआधीच्या निर्गम या पुस्तकात, २२:१ मध्ये, मेंढरू चोरणाऱ्याला लावलेली आहे. जक्कय स्वतःला चोराच्या रांगेत बसवतो आणि शिवाय निम्मी मालमत्ता गरिबांना देतो.

एवढे हाती आल्यावर मुख्य वाक्य लिहावे : ‘सगळ्यांनी टाळलेल्या माणसाच्या घरी येशू आधी येतो, आणि मग त्या घरातला हिशेब बदलतो.’ वाक्य वीस शब्दांत बसत नसेल तर उपदेश अजून तयार नाही. या वाक्याला न चिकटणारे टिपण कितीही चांगले असले तरी बाजूला ठेवावे. तयारीतला सगळ्यात जड भाग हाच आहे, आणि अनुभवी माणसेही इथेच कच्ची पडतात.

मग दोन किंवा तीन टप्पे करावेत. प्रत्येकात ओवी, तिचा अर्थ आणि तिचे आजच्या जगण्यातले ठिकाण यावे. ते ठिकाण नेमके हवे. ‘आपण प्रामाणिक राहावे’ हे कोणालाच लागत नाही. सियागंज बाजारातल्या दुकानाचा काटा, भाडेकरूची अडवून ठेवलेली अनामत, भावाच्या हिश्श्याचे न दिलेले पैसे हे लागते. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी आणि दोन मिनिटांत आटपावी. समारोपाचे शेवटचे वाक्य मात्र शब्दशः लिहून पाठ करावे. ते नसेल तर उपदेशक उतरायची जागा शोधत ‘शेवटी’ तीनदा म्हणतो.

मोठ्या सभागृहात मराठी किंवा हिंदी बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द हा सोसेल असा वेग आहे. म्हणजे वीस मिनिटांसाठी सुमारे दोन हजार शब्द. कॅथलिक प्रवचन याहून बरेच आखूड असते. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये आठ मिनिटांची मर्यादा सुचवली होती.

भाषा

इंदुरात चर्चमधली उपासना बहुधा हिंदीत असते आणि मराठी कुटुंबांच्या घरी शास्त्र मराठी असते. उपदेशकाने मुख्य भाग एकाच भाषेत वाचावा आणि संदर्भ सांगताना समोरच्यांच्या हातातल्या प्रतीतली नावे वापरावीत. मराठीतला योहान हिंदीत यूहन्ना होतो आणि पाने उलटणारा तिथेच अडतो. एका उपदेशात मुख्य भागाखेरीज दोन संदर्भ उघडायला लावले तर चालते. सात-आठ झाले की मंडळी पाने शोधत बसते आणि ऐकणे थांबते. इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्याचे भाषांतर असेल तर पंचवीस मिनिटांत बारा मिनिटांचाच मजकूर मावतो. त्याने पूर्ण वाक्य बोलून थांबावे. अर्ध्यावर थांबला तर भाषांतर करणाऱ्याला क्रियापद शेवटी येणारे वाक्य बांधता येत नाही.

सादरीकरण

शास्त्रवाचनाची तालीम उपदेशाइतकीच करावी. सातव्या ओवीतली कुरकुर आणि आठवीतला कबुलीचा सूर वाचनात वेगळे ऐकू आले तर निम्मे स्पष्टीकरण द्यावेच लागत नाही. मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर आणि किंचित खाली धरावा; फार जवळ नेला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. जुन्या उंच छताच्या इमारतीत आवाज घुमतो. तिथे आवाज चढवल्याने गोंधळ वाढतो. वाक्याच्या टोकाला थांबणे हाच उपाय. मराठी-हिंदीत क्रियापद शेवटी असल्याने वाक्याचे शेपूट पडले तर अर्थच जातो, आणि पंख्यांच्या घरघरीत मागच्या बाकांना नेमके तेच ऐकू येत नाही. मुख्य वाक्य तीन-चार वेळा त्याच शब्दांत यावे. वाचणाऱ्याला मागे जाता येते, ऐकणाऱ्याला नाही.

काही चुका कौशल्याच्या नसून विश्वासाच्या आहेत आणि त्या माफ करता येत नाहीत. खासगीत ऐकलेली अडचण नाव न घेताही दाखला म्हणून सांगू नये. लहान मंडळीत माणूस लगेच ओळखला जातो. न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढू नये. मंडळीतल्या भांडणात व्यासपीठावरून बाजू घेऊ नये, कारण तिथे समोरच्याला उत्तर देता येत नाही.

घरगुती प्रार्थनासभा

दहा-पंधरा माणसांच्या बैठकीत, मराठी घरांत मराठीतच, उपदेश दहा मिनिटांचा पुरतो. बसून बोलावे, चार-पाच ओव्या घ्याव्यात आणि त्या घरातल्याच कोणाकडून वाचून घ्याव्यात. आजारपणामुळे किंवा मृत्यूनंतर सभा ठेवली असेल तर दुःखाचे कारण शोधून देण्याच्या फंदात पडू नये. वयस्कर काका-काकूंना पुढे बसवावे, प्रश्न आला तर थांबून उत्तर द्यावे, आणि उत्तर ठाऊक नसेल तर पुढच्या भेटीत सांगतो असे म्हणून ते खरोखर सांगावे.